दुसरीच्या नवऱ्याचं नाव

“हा कोण, सांग.”

कुमुदताईंनी फोटो माझ्या नाकासमोर धरला होता. काळी टोपी घातलेले एक गृहस्थ हातात कात्री घेऊन समोरच्या फितीकडे असे बघत होते, की ती आता चावणार. मला त्या घरात येऊन अजून चहासुद्धा झाला नव्हता.

“माहीत नाही, ताई.”

“इतिहासात एम.ए. ना तू?”

“हो. फर्स्ट क्लास.” हे मी कुणी न विचारता सांगायची.

“मग शोधून काढ की,” असं म्हणून त्यांनी फोटो माझ्या हातात दिला आणि अल्बमचं पुढचं पान उलटलं.

ही परीक्षा आहे हे मी तिथल्या तिथे ओळखलं. परीक्षेचं आणि माझं लहानपणापासून जमायचं. मला स्वयंपाक येत नव्हता, सायकल येत नव्हती, चारचौघांत तोंड उघडलं की आवाज नको तितका वर जायचा. पण कुणी प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला जेवण जात नसे. त्या काळी मी स्वतःला फार हुशार समजत होते. ते मत अजूनही पुरतं गेलेलं नाही, फक्त आता त्याला कुणी दुजोरा देत नाही.

ही सांगलीतली, तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात कुमुदताई मंगसुळीकरांचं नाव ठाऊक नाही असं घर नव्हतं. मुलींचं वसतिगृह त्यांनी काढलेलं, प्रसूतिगृहातला गरीब बायकांचा वॉर्ड त्यांनी उभारलेला, शिवणवर्ग त्यांचा, पुष्पप्रदर्शन त्यांचं. घरची हळदीची मोठी पेढी. कानांत मोत्याच्या कुड्या, अंगावर नेसल्या क्षणापासून उतरवेपर्यंत एक चुणी न पडणारं पातळ. पण पैसा आणि पातळं गावात इतर बायकांकडेही होती. ताईंची खरी ताकद निराळीच होती. त्यांना माणसांची नावं लक्षात राहत. नुसतं नाव नाही. सासूचा गुडघा, मुलाची दहावी, दिराची मोडलेली सोयरीक, सगळं. गर्दीतून हात पुढे करून त्या म्हणायच्या, “काय गं सुमित्रा, अविनाशचा ताप उतरला का?” आणि सुमित्राचा नवरा पुढच्याच आठवड्यात वसतिगृहाला एक खोली बांधून द्यायचा. नाव घेऊन विचारपूस करणाऱ्या बाईला नाही म्हणणं भल्याभल्यांना जमत नसे.

ताई अध्यक्ष असलेल्या संस्थेला वाचनालयाने एक अख्खं कपाट देऊ केलं होतं. त्यात ठेवण्यासाठी ताईंचे आयुष्यभराचे कागद लावून द्यायला कुणीतरी शिकलेलं हवं होतं. माझे वडील आबासाहेबांच्या, म्हणजे ताईंच्या यजमानांच्या ओळखीचे. म्हणून दिवाळीनंतर मी त्यांच्या माडीवर जाऊन बसले. ताईंनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, “संक्रांतीनंतर आपलं पन्नासावं हळदीकुंकू आहे. तोवर सगळं लागलं पाहिजे. मग चरित्राचं बघू.”

चरित्र म्हटल्यावर माझे कान टवकारले. पुस्तक, वर ताईंचा फोटो, खाली माझं नाव. नाव कुठल्या अक्षरात असावं हेही मी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं.

ताईंना त्या हळदीकुंकवाची एवढी काळजी का, ते मला लवकरच गावातून कळलं. दिवाळीच्या एका समारंभात त्यांनी डॉक्टरीणबाईंना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली होती. तेवढं संस्थेच्या उपाध्यक्षीणबाईंना पुरेसं झालं. मीनाक्षीबाई तासगावकर गेली कित्येक वर्षं उपाध्यक्ष होत्या आणि ‘उप’ त्यांना आता जड झालं होतं. ‘ताईंचं वय झालं हो, आता त्यांना विश्रांती द्यायला हवी’ असं त्या घरोघरी फार मायेने सांगत होत्या. पन्नासाव्या हळदीकुंकवाला सगळा गाव येणार, तिथे ताई पुन्हा चुकल्या तर पुढच्या बैठकीत नवा अध्यक्ष निवडायचा, असं त्यांचं चाललेलं होतं. मी हे सगळं मत्सर या सदरात टाकलं आणि कामाला लागले.

काम म्हणजे काय, तर ट्रंका. मला वाटलं होतं, प्रत्येक थोर बाईच्या ट्रंकेत तळाशी रेशमी दोऱ्यात बांधलेलं काहीतरी असतं. हा माझा अभ्यास कादंबऱ्यांवर झालेला होता. ताईंच्या ट्रंकेच्या तळाशी निघाली जेवणावळीची टिपणं. त्यात बुंदी की जिलबी यावर तीन पानं खल केलेला होता. दुसऱ्या ट्रंकेत उद्‌घाटनांच्या फितींचे कापलेले तुकडे. मी निराश झाले नाही. फितींच्या खोक्यावर सुवाच्य अक्षरात ‘वस्त्रावशेष’ असं लिहिलं. बाकी खोक्यांवर ‘संस्थात्मक’, ‘सार्वजनिक’, ‘वैयक्तिक’. आणि एक खोकं होतं ‘किरकोळ’.

किरकोळमध्ये मी ताईंचे उखाणे टाकले. दर हळदीकुंकवाला ताई नवा उखाणा घेत आणि तो आधी जुळवून बघत. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, औषधांच्या चिठ्ठ्यांवर, पुष्पप्रदर्शनाच्या बक्षीसपत्रावरसुद्धा. फर्स्ट क्लासला ते फारच घरगुती वाटलं. एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली होती. एकाही उखाण्यात नाव लिहिलेलं नव्हतं. नावाच्या जागी नुसती टिंबं, आणि पुढे ‘राव’. जुन्या वळणाची बाई. नवऱ्याचं नाव वर्षातून एकदा, उखाण्यातच काय ते घ्यायचं, एरवी तोंडाने नाही आणि हातानेही नाही.

परीक्षा मात्र रोज सकाळी चालायची. चहा झाला की ताई अल्बम घेऊन बसत.

“ही कोण?”

“या शिंदेबाई. शिवणवर्गाच्या पहिल्या शिक्षिका.”

“मुलं?”

“दोन. थोरला मिरजेला रेल्वेत.”

“आणि ही, मागची?”

“ती त्यांची नणंद. हिला पुष्पप्रदर्शनात शेवंतीचं बक्षीस मिळालं होतं.”

ताई डोळे मिटून मान हलवायच्या आणि ओठांतल्या ओठांत उत्तर पुटपुटायच्या. मी त्याचा अर्थ ‘शाबास’ असा घेत असे. उत्तरं काही आकाशातून पडत नव्हती. दुपारी मी आबासाहेबांना व्हरांड्यात गाठायची. ते आरामखुर्चीत बसून सुपारी कातरत असत. गावातल्या कुठल्याही चेहऱ्याचं कूळ आणि मूळ त्यांना पाठ होतं.

“आज काय काय विचारलं?” ते हळूच विचारायचे.

“परवाचेच काही प्रश्न पुन्हा आले. मी विसरले की काय, ते बघत असतील.”

“असतील,” म्हणून ते सुपारीकडे बघत बसायचे.

कधी कधी तोच फोटो तीन-चार दिवस लागोपाठ यायचा. आमच्या कॉलेजातले एक सर असेच फिरवून फिरवून विचारत, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. उलट ताईंच्या चिकाटीचं कौतुक वाटलं. आणि डिसेंबरात एक फार सुखाची गोष्ट घडली. ताई मला वैजयंती म्हणायचं सोडून ‘बाळ’ म्हणू लागल्या. एवढी मोठी बाई, गावाची अध्यक्षीण, आणि मला बाळ म्हणते. मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं. चरित्र आपलंच, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

हळदीकुंकवाच्या आधीच्या आठवड्यात ताईंनी एक सुटा फोटो काढला. फेटा बांधलेला, मिशी नुकतीच फुटलेला एक पोरसवदा मुलगा. कडा पिवळ्या पडलेल्या.

“हा कोण?”

मला हसू आलं. शेवटच्या पेपरला सोपा प्रश्न घालतात तसं. “हे तर आबासाहेब.”

“आबासाहेब काय, गाव म्हणतं. नाव सांग.”

“दिगंबर केशव मंगसुळीकर.” नाव मी त्यांच्याच लग्नपत्रिकेत वाचलं होतं.

“पुन्हा सांग.”

“दिगंबर.”

“अजून एकदा. सावकाश.”

मी सावकाश म्हटलं. उच्चाराचे गुण असतील, असं वाटून ‘ग’वरच्या अनुस्वारावर जरा जास्तच जोर दिला. ताई खिडकीतून खाली व्हरांड्याकडे बघत होत्या. आबासाहेबांच्या अडकित्त्याचा आवाज येत होता. “चांगलं नाव आहे,” त्या म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी ताईंनी मला दारात आपल्या शेजारी उभं केलं. “येईल तिचं नाव घेऊन तू स्वागत करायचंस. मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे.”

मी समजले, भावी चरित्रकार म्हणून आपली गावाशी ओळख करून दिली जाते आहे. मी नवी साडी नेसले होते, आणि ती माझ्या अंगावर आहे हे मला आणि साडीलाही सारखं जाणवत होतं. बायका येऊ लागल्या, आणि माझा आवाज लागला.

“या, सुमित्रावहिनी.”

“काय गं सुमित्रा,” ताई लगेच पुढे होऊन म्हणाल्या, “अविनाश कुठे असतो आता?”

“या, डॉक्टरीणबाई. या, शिंदेबाई, नणंदबाईही आल्या वाटतं.”

“शेवंती लावलीस का यंदा?” ताईंनी नणंदेला विचारलं, आणि ती बाई हरखून गेली.

असं तासभर चाललं. एक नाव चुकलं नाही. मीनाक्षीबाई आल्या, त्यांचंही मी ठणठणीत स्वागत केलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. मांडव हळदीच्या आणि अत्तराच्या वासाने भरला. वाणात पेढीवरच्या हळदीच्या पुड्या होत्या. पन्नासावं वर्ष म्हणून आबासाहेबांनाही एका बाजूला खुर्चीवर बसवलं होतं. एवढ्या बायकांत एकटा पुरुष, त्यामुळे ते बिचारे आपल्या कोटाच्या गुंड्या मोजत असल्यासारखे खाली बघत होते.

भाषण झालं. ते कागदावर होतं, मीच लिहिलेलं, त्यात ‘तेजस्विनी’ हा शब्द फार वेळा आला. मग नेहमीप्रमाणे ओरडा सुरू झाला.

“ताई, नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही.”

माइकची दांडी ऐन वेळी मोडली होती, म्हणून माइक माझ्या हातात होता. मी तो ताईंसमोर धरला. ताईंनी पदर सारखा केला, आबासाहेबांकडे एकदा बघितलं आणि सुरुवात केली.

“पेवात पुरली हळद, वर्षांनी काढली तरी पिवळी…”

वा वा झालं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहते, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

ताई थांबल्या. बायकांना वाटलं, मुद्दाम रंगवताहेत. काही जणी हसत होत्या. ताई थांबूनच राहिल्या. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

ती नजर माझ्या ओळखीची होती. रोज सकाळी फोटो पुढे धरताना त्या अशाच बघायच्या. हा कोण, सांग. फक्त आज त्यांच्या हातात फोटो नव्हता, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की ती परीक्षा घेणाऱ्याची नजर नाही. परीक्षेला बसलेल्याची आहे. पुटपुटणं, तेच तेच फोटो, दारातलं ते मोठ्याने स्वागत, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलटं झालं. आणि ‘बाळ’ही. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, म्हणून मी बाळ होते.

मी घाबरले. पुढच्या रांगेत मीनाक्षीबाई पुढे सरकून, मान तिरपी करून ताईंच्या तोंडाकडे बघत होत्या. हसणाऱ्या बायका एकेक करून हसायच्या थांबल्या. मी ताईंच्या कानाशी झुकले आणि अगदी हळू, कुजबुजत सांगितलं.

निदान मला तसं वाटलं. माइक माझ्याच हातात होता.

“दिगंबरराव!”

आमराईपर्यंत गेलं असेल. बाहेर झाडावर लावलेल्या कर्ण्यातून ते पुन्हा परत आलं. लग्न न झालेली पोरगी, भर हळदीकुंकवात, माइकवरून, दुसरीच्या नवऱ्याचं नाव घेते. तेही नवरा समोर बसलेला असताना. मग कुणीतरी फुटलं, आणि त्यानंतर जे हसू उसळलं, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगं, घाई झाली का तुला?” कुणीतरी मागून विचारलं. “ताई, सांभाळा हो आबासाहेबांना.” मीनाक्षीबाईसुद्धा तोंडाला पदर लावून गदगदत होत्या, आणि एकदा माणूस असं हसलं की मग त्याला आधीचं काही लक्षात राहत नाही.

आबासाहेब कानापर्यंत लाल झाले होते. मी कुठल्या रंगाची झाले होते ते मला कुणी सांगितलं नाही.

ताई मात्र सावरल्या होत्या. माझ्या हातातला माइक आपल्याकडे ओढून, सगळ्यांना हाताने गप्प करत, त्या ठसक्यात म्हणाल्या, “ऐका. माझं अजून संपलं नाही. पेवात पुरली हळद, वर्षांनी काढली तरी पिवळी. दिगंबररावांच्या संसारात मी अजून तशीच कोवळी.”

मांडव पुन्हा कोसळला. पुढच्या बैठकीत नवा अध्यक्ष निवडायची गोष्ट कुणी काढली नाही. गावाला सहा महिने पुरेल असा विषय मी दिला होता.

संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर मी मागच्या पायरीवर बसून रडत होते. आबासाहेब आले, आणि गुडघे धरत माझ्या शेजारी बसले. त्यांनी माझ्या हातात तिळाचा लाडू ठेवला.

“खा. बरं झालं बोललीस. मीच उठणार होतो, पण मी काय म्हणणार होतो? स्वतःचंच नाव?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“वर्ष झालं.” त्यांनी खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली. मग म्हणाले, “आपल्यात ‘अहो’ म्हणायची रीत आहे ते बरं आहे बघ. नाव नसलं तरी दिवस निघतो. तिला वाटतं मला कळलेलं नाही. तिला तसंच वाटू दे.”

मी लाडू खाल्ला.

चरित्र झालं नाही. ताई त्यानंतर दोन वर्षं अध्यक्ष होत्या, मग प्रकृतीचं कारण देऊन स्वतःच्या हाताने मीनाक्षीबाईंच्या गळ्यात हार घालून बाजूला झाल्या. तो हार घालताना मीनाक्षीबाईंचं नाव मी शेजारून सांगितलं, या वेळी माइक लांब ठेवून. कागद वाचनालयाच्या कपाटात गेले, ‘वस्त्रावशेष’सकट. किरकोळचं खोकं मी तेवढं दिलं नाही. त्यातले उखाणे मी माझ्या लग्नात वापरले. पहिला घ्यायला उभी राहिले, तर अख्खं कार्यालय ओरडलं, “स्वतःच्याच नवऱ्याचं घे हो.” माझ्या नवऱ्याला तो प्रकार समजावून सांगण्यात आमची पहिली रात्र गेली.

मी सकाळी ताईंकडे जात राहिले, लग्नानंतरही. त्या फोटो पुढे धरत, मी उत्तरं देत असे. आता गुणांची आशा नव्हती. हळूहळू अल्बममधला एकच फोटो त्यांना हवासा वाटू लागला, पन्नासाव्या हळदीकुंकवाचा. मधे ताई, त्यांच्या शेजारी हातात माइक धरलेली, तोंड उघडं पडलेली एक मुलगी, आणि भोवती हसून वाकलेल्या बायका.

“ही कोण गं?”

“ही वैजयंती, ताई. तुमच्याकडे कागद लावायला होती.”

“सगळ्या का हसताहेत?”

“हिने दुसरीच्या नवऱ्याचं नाव घेतलं. भर मांडवात, माइकवरून.”

ताई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या, खांदे हलवून, पदर डोळ्यांना लावून. “वेडीच आहे. कुणाच्या नवऱ्याचं?”

“तुमच्या.”

“अगं बाई. काय नाव त्यांचं?”

“दिगंबर.”

त्या अल्बम मिटायच्या. खिडकीतून खाली व्हरांड्याकडे बघायच्या. तिथे आरामखुर्ची असायची, आणि अडकित्त्याचा आवाज.

“हळू बोल, बाळ,” माझ्या तोंडावर हात ठेवून त्या म्हणायच्या. “ते खालीच बसलेत. आपण त्यांचं नाव नाही घेत.”